चौतीसची चिठ्ठी

४ जानेवारी १९६२, अमरावती
देवमनदादाचा आवाज चार महिन्यांपासून बसला आहे. आज घशाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्या, महिना घालवू नका.
गावी, हिवरखेडला, बुद्धवंदना दादाच सांगतो. आवाज राहील का, विचारलं. आधी माणूस राहू द्या, म्हणाले.
दादा मला म्हणाला, तू रक्त पायतं ना? तू सांगशीन तसं करू.
मी लॅब टेक्निशियन. डॉक्टरांच्या टेबलावरच्या इंग्रजी मासिकात वाचलं आहे की ज्यांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी जास्त, ते रोगी जास्त टिकतात. या पेशी म्हणजे शरीराची फौज. म्हणून नियम केला. दर पंधरवड्याला दादाचं रक्त. शंभर पांढऱ्या पेशींत पंचवीसच्या खाली लिम्फोसाइट आले की त्याच दिवशी मुंबई. तोवर घाबरायचं नाही. मुंबईत आपली ओळखही नाही.

५ जानेवारी
नियम डॉक्टरांना सांगितला. या आकड्यावर घशाचा कॅन्सर ठरत नाही, म्हणाले. डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत.

१८ जानेवारी
दादा एस.टी.ने आला. तुरीच्या शेंगा आणल्या. स्वतः खाल्ल्या नाहीत. बोटाला सुई टोचली तर म्हणाला, तुह्यापेक्षा मच्छर बरा, तो रिपोट तं नाई देत.
रक्ताची काच रंगवून पेशी मोजल्या. एकोणीस.
रक्त काचेवर नीट पसरलं नसावं. आमचे सीनियर महादेवराव शिकवतात की काचेच्या शेपटाकडे, जिथे थर पातळ असतो, तिथेच या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजायचं. मधल्या जाड थरात लिम्फोसाइट गर्दी करतात, आकडा फुगतो. पण ही काच शेपटाकडे मला पटली नाही. मध्ये मोजलं. एकतीस.
चिठ्ठीवर एकतीस लिहून दिलं. दादाने ती खिशात ठेवली.

२ फेब्रुवारी
बत्तीस. (मध्ये मोजलं. पहिल्यासारखंच मोजलं तर तुलना बरोबर होते.)
रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. गरज पडली तर द्यायचा.

१७ फेब्रुवारी
चौतीस. फौज वाढते आहे. ग्राफ पेपर आणून रेघ काढली. रेघ वर जाते.
दादा कुजबुजल्यासारखा बोलतो. सूज असेल.

४ मार्च, हिवरखेड
वंदनेला गेलो. दादाऐवजी धर्मपाल गुरुजींनी सांगितली. दादा मागे बसून नुसते ओठ हलवत होता. नंतर त्याने खिशातून चौतीसची चिठ्ठी काढून एकेकाला दाखवली. किसन्यानं काहाडला हा नंबर, असं प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगितलं. नत्थुजी म्हणाले, घरचाच डॉक्टर असल्यावर मुंबई कायले पायजे? मी नुसता हसलो.
निघताना पंचफुलावहिनी फाटकापर्यंत आली. भाऊजी, यायचा घास खाली उतरून नाई राह्यला, अन् तुमचा नंबर वर कसा चढते?
मी तिला फौजेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

५ मार्च
ठरलं. यापुढची काच महादेवरावांकडून मोजून घ्यायची.

२० मार्च
महादेवरावांना खूप काम होतं. मीच मोजली. तेहतीस. एकाने फरक पडत नाही.

९ एप्रिल
दादाला श्वास घेता येईना म्हणून रात्रीच आणलं. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली. बाहेर बोलावून मला म्हणाले, आता शेकाचा उपयोग नाही. जानेवारीत का नेलं नाही? मी म्हणालो, घरची अडचण होती.
पाटीवर दादाने लिहिलं, नंबर किती.
छत्तीस, असं मी सांगितलं. आज रक्त घेतलंच नव्हतं.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक हॉस्पिटलसमोरून गेली. दादाने खिडकी उघडायला लावली. नळीतून वारा येत होता. घोषणा देत होता, असं मला वाटलं.

३ मे
दादा पहाटे गेला.

७ मे, हिवरखेड
धर्मपाल गुरुजी चार माणसांत म्हणाले की किसनने भावासाठी फार केलं, स्वतःच्या हाताने रक्त तपासलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे नंतर लक्षात आलं.
वहिनीने रुमालात बांधलेल्या चारही चिठ्ठ्या दिल्या. उशीखाली होत्या, म्हणाली. मग विचारलं, भाऊजी, मुंबईले नेलं असतं तं?
नंबर चांगला होता वहिनी, असं मी म्हणालो.

१२ मे, अमरावती
चारही काचा डब्यात ठेवलेल्या होत्या. आज काढल्या. शेपटाकडे, कडेपासून कडेपर्यंत, महादेवरावांनी शिकवलं तसं मोजलं. एकोणीस. सतरा. चौदा. अकरा.
काचेवर रक्त नीटच पसरलं होतं.
महादेवरावांनी विचारलं, कोणाच्या? जुन्या पेशंटच्या, म्हणालो.
४ जानेवारीचं पान उघडून पाहिलं. पंचवीसच्या खाली आले की त्याच दिवशी मुंबई. अक्षर माझंच आहे.

१३ मे
वहिनीला सगळं खरं कळवायचं. आकडे, जाड थर, सगळं. पोस्टकार्ड नको, ते गावभर वाचलं जातं. आंतरदेशीय पत्र आणलं. दोन तास बसलो.
तब्येतीस जपा, एवढंच लिहून टाकलं.