अणू, पक्क्या रंगात

सोमवार, ७ जुलै
विज्ञानवाले सर जिन्यावरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये. फार वाईट वाटलं. आठवीचे त्यांचे तास मोठ्या बाईंनी मला दिले. शनिवारी तपासणी आहे. ती नीट पार पडली तर विज्ञान कायमचं मला मिळेल का, असं विचारलं. "बघू," म्हणाल्या. बाईंचं बघू म्हणजे हो.

एकोणीस वर्षं चित्रकला शिकवतोय. परीक्षा जवळ आली की गणितवाले माझा तास खुशाल उचलून नेतात, विचारतसुद्धा नाहीत. विज्ञानाच्या तासाला हात लावायची कुणाची छाती नाही.

संकल्प : अणूच्या धड्याचं रोज एकच पान वाचायचं, तेही तासाआधी दहा मिनिटं. ज्ञान गरमागरम वाढावं. सौ. म्हणाली, अख्खा धडा एकदा वाचून तरी घ्या. तिला शिकवण्यातलं काय कळतंय!

मंगळवार, ८ जुलै
पान पहिलं. अणू म्हणजे भरीव गोळी, फुटत नाही. डाल्टन दोनशे वर्षांपूर्वी सांगून गेला. विषय संपला. मुलांना म्हटलं, पेनाने लिहा, सत्य पेन्सिलीने लिहायचं नसतं. शिवाय वर्गाच्या मागच्या भिंतीवर गोळी रंगवली. निळी, चार फुटी. ऑइल पेंट वापरला, म्हणजे पुढच्या पिढ्यांची सोय झाली.

बुधवार, ९ जुलै
पान दुसरं. गोळी फुटली. थॉमसनला आत इलेक्ट्रॉन सापडले, कलिंगडात बिया असाव्यात तसे. हे आदल्या पानावर सांगायला काय झालं होतं? वर्गाला म्हटलं, कालचं खोडा. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, पेनाचं कसं खोडायचं? कार्टी आगाऊ आहे.

निळ्यावर लाल चढवला, काळ्या बिया काढल्या. इतकं हुबेहूब साधलं की शिपायाने विचारलं, कापणार कधी? हे मात्र पक्कं. वर्गाला तसा शब्द दिलाय.

गुरुवार, १० जुलै
पान तिसरं. रुदरफोर्डने कलिंगडाची वाट लावली. सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण मारले. बहुतेक आरपार गेले, एखादाच उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ सगळा रिकामा, मधोमध एवढंसं केंद्रक आणि इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती.

रिकामं रंगवायचं कसं? टर्पेंटाइन, तीन फडकी, दोन तास. जांभळा डाग काही जाईना. त्यावर मधोमध ठिपका दिला. चष्मेवालीने विचारलं, सर, फिरता फिरता इलेक्ट्रॉन आत कोसळत कसे नाहीत? म्हटलं, शिस्त असते त्यांना. 

आज वर्गात कुणाच्याच हातात पेन नव्हतं. सगळे पेन्सिलीने लिहीत होते. फॅशन असेल.

शुक्रवार, ११ जुलै
पान चौथं. कार्टीचा प्रश्न बोरलाही पडला होता म्हणे! त्याने इलेक्ट्रॉनना कक्षा ठरवून दिल्या. म्हणजे शिस्तच की. माझं उत्तर बरोबर होतं.

कंपास न लावता तीन वर्तुळं काढली. अशी रेघ या शाळेत कुणाला जमणार नाही. धड्यात पाचवं पान आहे, पण ते वाचणार नाही. इतकं देखणं चित्र खोटं असूच शकत नाही.

शनिवार, १२ जुलै. सकाळी ८
वाचलं. कक्षा नाहीत. इलेक्ट्रॉन नक्की कुठे आहे ते सांगता येत नाही, नुसता शक्यतांचा ढग. तपासणीचे साहेब अकराला येणार. फडकं घेऊन भिंतीवर तुटून पडलो.

दुपारी २
साहेब भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, इलेक्ट्रॉनचा ढग इतका अचूक मी कुठल्याच शाळेत पाहिला नाही. मी विनयाने मान खाली घातली. हातातलं फडकं पाठीमागे धरलं.

मग त्यांनी वर्गाला विचारलं, अणू कसा असतो? चाळीस पोरांनी चष्मेवालीकडे पाहिलं. ती उठली. म्हणाली, सर, आजचा सांगू, की सोमवारपर्यंत थांबू? साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, शाब्बास, विज्ञान असंच पुढे जातं! बाई हसल्या नाहीत. पण साहेब खूश म्हणजे काम झालंच.

सोमवार, १४ जुलै
विज्ञानवाले सर कुबड्या घेऊन हजर. बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं म्हणे. वाईट वाटलं. या वेळी खरंच वाटलं.

भिंतीला उद्या चुना लागणार आहे.

आठवीला चित्रकलेचा तास. फळ्यावर सफरचंद काढलं. छान गोल. वळून बघतो तर चाळीस पेन्सिली हवेत, एकही कागदाला टेकेना. चष्मेवालीने अगदी अदबीने विचारलं, सर, हे सफरचंदच राहणार ना?

हो म्हणायला मला जरा वेळ लागला.