पाळण्यावरचं नाव

मामंजी, तुम्हाला मी आठवत नसणार, हे धरूनच बोलते. कानावरची पेन्सिल घरभर शोधणारा माणूस तिकडे वर जाऊन सुनेला काय लक्षात ठेवणार! तर मी तुमची थोरली सून. कोल्हापूरकडून बेंगळुरात आणलेली, तेव्हा कानडीचा गंध नसलेली, आणि लिहिणं-वाचणं तर आजही न येणारी. मी बोलतेय आणि माझी नात, म्हणजे तुमची पणती, लॅपटॉपवर लिहून घेतेय. मधूनच हसते आणि विचारते, "आजी, हे पण लिहू?" लिही बाई, सगळं लिही.

गेल्या रविवारी बनशंकरीत एका हॉलमध्ये लाकूड कातणारे लोक जमले होते. आपल्यासारखे कातारी नव्हेत हो. पुण्यानागपुराहून आलेली कॉम्प्युटरवाली पोरं, बाल्कनीत विजेचं छोटं लेथ ठेवून सुट्टीच्या दिवशी घरभर लाकडाचा कीस करणारी. प्रत्येकानं आपल्या हातची सगळ्यात लाडकी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. एकानं तडा गेलेला वाडगा आणला आणि त्या तड्यावर इतकं बोलला की मला वाटलं, आता वाडगाच उठून जाईल. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जन्मभर लोखंड कातलेले एक अण्णा होते. त्यांनी खिशातून भोवरा काढला, टेबलावर फिरवला आणि तो पडेपर्यंत हात बांधून उभे राहिले. झालं त्यांचं भाषण. नातीनं माझ्यासाठी आपला पाळणा नेला होता, चारी खांब सुटे करून, गाडीत घालून.

तो पाळणा दिसला आणि मी एकदम आपल्या मागच्या पडवीत. लेथ दोरीचं आहे. तुम्ही पटाशी धरून उकिडवे बसलात, समोर मी, पदर खोचून दोरी एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून ओढतेय. लग्नाला महिना झालाय. पहिला खांब जवळजवळ झाला आणि तुम्ही म्हणता, "स्वल्प!" आता मला काय ठाऊक, इथं जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडात हा कानडी शब्द कशासाठी येतो. तुम्हाला म्हणायचं होतं, जरा हळू. मला वाटलं, अजून जरा जोर. मी असा हिसका दिला की पटाशी लाकडात घुसली आणि खांबाच्या गळ्याशी खोल चर पडला. तुम्ही पटाशी खाली ठेवली. "पोरी, लेथ ओढतेस की विहिरीतनं म्हैस काढतेस?" मी रडायच्या बेतात. तुम्ही चर बोटानं चाचपला, मग गुपचूप तो गोल करून घेतला, फिरत्या खांबावर लाल लाखेची कांडी टेकवली, लाख वितळून चरात बसली. उरलेल्या तीन खांबांनाही तसाच चर पाडलात, अगदी मोजून. चिकपेटचा दुकानदार पाळणा न्यायला आला तर त्या लाल रेघेवरच भाळला. तुम्ही म्हणालात, "हा नाही मिळायचा. सुनेनं बिघडवलाय, लोकांना कसा देऊ?" आणि पाळणा घरातच राहिला. त्यात माझी तिन्ही मुलं झोपली.

पुढे तुमचे हात थरथरू लागले. एक दिवस पटाशी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः दोरीपाशी जाऊन बसलात. शेजारपाजारचे बघायला यायचे, सून कातते आणि सासरा ओढतो! मला हळू हवं असायचं, पण सासऱ्याला "हळू" कसं म्हणू? मी खोकायची. एकदा खोकलं की हळू, दोनदा खोकलं की थांबा. तुम्ही बरोब्बर ओळखायचात. समोरची अक्का मात्र महिनाभर मला आल्याचा काढा आणून देत होती. त्या दिवसांत कातलेली लाटणी, रव्या, खाटेचे पाय कुठं कुठं गेले कोण जाणे. चांगली होती हो. तुम्ही एकदाही चांगली म्हणाला नाहीत. वस्तू हातात घेऊन उन्हात फिरवायचात, आणि पुढचं लाकूड द्यायचात. आता घरात कुणी खोकलं की माझा हात अजून थांबतो. दोरीच्या त्या बाजूला कुणी नाही, एवढंच.

तर हॉलमध्ये एका मुलीनं कागद-पेन पुढे करून विचारलं, "आजी, हा पाळणा कुणी केला? नाव सांगा, चिठ्ठीवर लिहायचंय." आता आली का पंचाईत! सासऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाही. तुमच्या नावाचा देव आहे, त्याच्या देवळातही मी नुसतं "देवा" म्हणून हात जोडते. तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "मी". टाळ्या! मग कुणी लाल रेघेचं विचारलं. म्हटलं, "शोभेसाठी, मुद्दाम." पुन्हा टाळ्या. आता पाळणा महिनाभर तिथंच मांडून ठेवणार आहेत, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. ती मुलगी म्हणे स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर तशी रेघ काढतेय, तिला "आजीची रेघ" म्हणतेय.

चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना, चिठ्ठी बदलू. नाव काय पणजोबांचं?" आणि माझ्याकडे बघत बसली. तिला ठाऊकच नाही, मामंजी! कुठल्या जुन्या कागदावर असेलही, पण तोंडानं घेणारं घरात आता कुणी नाही. मी गप्प बसले असते तर तुम्ही नुसते "मामंजी" होऊन संपला असता. मग स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, तिला जवळ ओढलं आणि कानात तुमचं नाव घेतलं. पहिल्यांदा नीट आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं. ती म्हणाली, "आजी, किती छान नाव आहे!" मी पदरानं तोंड झाकून घेतलं, या वयात.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक खरं सांगते. हॉलमध्ये रीत आड आली, हे निम्मंच. तुमचं नाव जिभेपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, एकदा तरी कुणी चांगलं म्हणू दे.

हं पोरी, आता लिहिणं पुरे. उद्या नवी चिठ्ठी घेऊन जाशील तेव्हा त्या मुलांना डबा ने. तिखट कोडबळी घाल, भरपूर. लाडू नकोत, लाडू पाठवले की म्हातारी माफी मागतेय असं वाटेल त्यांना.