पत्रे वाचवले, घर गेलं

३ मार्च २००३
फाट्यावरचा रस्ता रुंद होणार. गॅरेजमागची आमची सगळी घरं जाणार. ग्रामसेवक भाऊसाहेब सांगून गेले, गुरुवारी जेसीबी. ज्याचं घर पडेल त्याला गायरानावर सरकारी घरकुल. विटांचं! बायकोनं, शोभानं, लगेच चूल कुठं मांडायची ते ठरवलं. मला अजून खरं वाटत नाही.

५ मार्च
शोभा म्हणाली, जेसीबीखाली पत्रे चुरगळून भंगारात जातील. बरोबरच आहे. गाव सोडून डिंगोऱ्याहून आलो तेव्हा हेच पत्रे टेम्पोत घालून आणले होते. मी नि शेजारचा नामदेव, दोघांनी आपापली घरं उतरवली. आता जागेवर चूल आणि मोरी. बिऱ्हाड गॅरेजमालकाच्या शेडमध्ये.

६ मार्च
जेसीबी आमच्यापुढून तसाच गेला. पाडायला काही नव्हतंच. भाऊसाहेबांनी पंचनाम्यात पाडलेल्यांची नावं घेतली. आमची दोघांची नाहीत.
शोभा म्हणाली, "आमचं घर व्हतं की हितं."
"असेल हो. मला आज जागेवर दिसलं नाही. मी काय लिहू?"
मोरी अजून ओली होती. हरामखोर तीच ओलांडून पुढं गेला.

१० मार्च
पंचायतीत गेलो. सगळ्यांचं एकच, मग पत्रे काढलेत कशाला?
घर मोडू दिलं असतं तर घर मिळालं असतं. कुठल्या दीडशहाण्यानं केला हा कायदा? आयुष्यात स्वतःच्या हातानं एक खिळा तरी ठोकला असेल का त्यानं. डोकं नुसतं तापलंय. शेडमध्ये येऊन शोभावर ओरडलो. तिच्यावर कशाला?

१४ मार्च
रस्त्याचं काम आमच्या जागेपर्यंत आलेलंच नाही. सकाळी शोभानं खांब रोवायला घेतले, मग मीही लागलो. पत्रे चढवले. भाऊसाहेब मोटरसायकल थांबवून म्हणाले, हे नवीन अतिक्रमण, सोमवारी पाडतो. म्हटलं पाडा, पण पंचनाम्याला स्वतः या. नवीन असलं तरी पाडलेल्याचं घरकुल देणार की नाही, विचारलं. किक मारून गेले.

१६ मार्च
नामदेव उद्या साक्षीला येतो म्हणालाय. शोभा एक भांडं हलवू देत नाही. उद्याची भाकरी इथंच थापणार, घर मोडताना बघू दे म्हणते भाऊसाहेबाला.
कोपऱ्यातला एक पत्रा सैल राहिलाय, वाऱ्यानं वाजतो. हातोडी घेऊन उठलो.
शोभा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या मोडायचंच हाय."
तरी खिळा मारला.