पावडरीला पुरावा नाही

मंगळवार, महाड

संध्याकाळी नवऱ्याचा मुंबईहून फोन. शरीरसौष्ठवाची स्पर्धा जवळ आलीय आणि जिमवाला अमिनो पावडर घे म्हणून मागे लागलाय. “तू सायन्सची बाई. उपयोग हाय का नाय, सांग.”

कालही हेच विचारलेलं, म्हणून वाचून ठेवलं होतं. जेवणातून पुरेसं प्रोटीन मिळत असेल, तर पावडरीने स्नायू आणखी वाढतात याला भक्कम पुरावा नाही. अंडी, डाळ, मासे खा, म्हटलं.

“इथं कोण रांधून घालतंय गो?”

हसत म्हणाला. मी मात्र पुरावा सांगत बसले. आठवण येते, एवढं का नाही सांगितलं?

शनिवारी शाळा सुटली की मीच एसटी पकडते. स्नायूंचं काही होवो, त्याला पोटभर जेवताना बघायचंय मला.