पेटीतली हवा

१५ जून, रविवार

अनिश येऊन गेला. अनिश म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बोटीवर चीफ इंजिनिअर. उद्या जहाजावर चढणार, ऑक्टोबरमध्ये परत. जाताना एक लाकडी पेटी आमच्याकडे ठेवून गेला. आत सिगार. त्याच्या कॅप्टनने निवृत्त होताना दिलेले. पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. झाकणाला आतून एक काट्याचं घड्याळ आहे, ते आर्द्रता दाखवतं.

म्हणाला, भावोजी, एवढंच करा, काटा सत्तरच्या आसपास राहू द्या. वर गेला की बुरशी, खाली गेला की सिगारचे पापड.

मी म्हटलं, टेलिफोन खात्याचं स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस आहे मी, काळजी नको. तो हसला. लग्नात कानपिळीला यानेच माझा कान जरा जास्त पिळला होता, तेव्हाही असाच हसला होता.

असो. या घरात मला बऱ्याच वर्षांनी कुणीतरी काहीतरी जपायला दिलंय.

रात्री हिने पुन्हा बेडरूमच्या भिंतीचा विषय काढला. वरच्या मजल्यावरच्या अल्पेशभाईंच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय, त्यांना सांगा. सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१८ जून

अभ्यास सुरू. तीन व्हिडिओ पाहिले. पेटीत स्पंज ठेवायचा, तो डिस्टिल्ड वॉटरने भिजवायचा. नळाचं पाणी अजिबात चालत नाही. आमच्याकडे ते आज तसंही आलं नाही.

गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं. स्पंज भिजवला. ही म्हणाली, बाहेर एवढं ओलं असताना आणखी पाणी कशाला? तिला म्हटलं, यात शास्त्र आहे.

१९ जून

काटा ८६. व्हिडिओवाला वाळवंटात राहतो, हे तो शेवटी सांगतो. आधी सांगायला हवं होतं.

२४ जून

स्पंज काढला. तांदळाची पुरचुंडी ठेवली. तांदूळ ओल शोषून घेतो. ८१.

हिने विचारलं, आंबेमोहोर कुठे गेला? म्हटलं, कामाला लागलाय.

२९ जून

पेटी कपाटात, साड्यांच्या खणात हलवली. कापड ओल धरत नाही की धरतं, हे नीट कळलं नाही. पण कपाट बंद असतं.

५ जुलै

निशिगंधाचा, म्हणजे हिच्या भाचीचा, साखरपुडा. हिची पैठणी तंबाखूच्या वासाची निघाली. हॉलमध्ये बायका हिच्याकडे बघत होत्या म्हणे. मला तर वास उंची वाटला. देवदाराचा.

परतताना ही खोकत होती. एसी हॉलमधून उकाड्यात आलो की होतं असं.

पेटी कपाटातून बाहेर. ८३.

१२ जुलै

आता निर्धार. अर्धवट उपाय बंद. बेडरूममध्ये एसी आहे, त्यात ड्राय मोड आहे. तो दिवसरात्र चालू ठेवायचा. दार बंद. पेटी हिच्या बाजूच्या टेबलावर. माझ्या बाजूला भिंत ओली आहे, तिथे ठेवण्यात अर्थ नाही.

एसीने हिचा खोकला वाढला. गादी घेऊन हॉलमध्ये झोपते. तिलाही मोकळी हवा.

मी पेटीजवळ. कुणीतरी हवंच.

२० जुलै, रविवार

एकोणसत्तर!

सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. एकोणसत्तर. हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, अल्पेशभाई आत्ताच लिफ्टमध्ये भेटले होते, तुम्ही होतात ना सोबत, का नाही बोललात? म्हटलं, लिफ्ट ही काय बोलायची जागा आहे? सोबत त्यांच्या मिसेस होत्या.

३ ऑगस्ट

अजून एकोणसत्तर. बाहेर धो धो, पण पेटीत काटा हलत नाही. अनिशला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. जहाजावर नेटवर्क नसतं, नाहीतर सविस्तर लिहिलं असतं.

१० ऑगस्ट

सिगारवर पांढरी, नाजूक लव आलीय. घाबरलो होतो. मग वाचलं, याला प्लूम म्हणतात. मुरत आलेल्या उत्तम सिगारमधून तेल बाहेर येतं, त्याची पावडर. भाग्यवानांच्याच पेटीत दिसते.

भिंतीवरही पांढरं आलंय. ती बुरशी.

१३ ऑगस्ट

हिला डॉक्टरांकडे नेलं. नाही, ती एकटीच गेली, मी येणारच होतो, पण एसीवाला येणार होता. डॉक्टर म्हणाल्या, ओलीची अ‍ॅलर्जी, छातीत घरघर आहे, आधी भिंतीचं बघा. पंप दिला. डॉक्टरांनी भिंत पाहिलेली नाही. न पाहता निदान.

वाफ घ्यायला सांगितलीय. हिला म्हटलं, जरूर घे, फक्त स्वयंपाकघरात घे आणि दार लावून घे. वाफ इकडे आली तर काटा चढेल.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग दार लावून घेतलं. समजूतदार आहे.

२८ ऑगस्ट

गणपतीचा प्रसाद घेऊन अल्पेशभाईंकडे वर गेलो. हा मुहूर्त चांगला होता. त्यांनी बसवलं, चहा दिला, हांडवो दिला. ह्युमिडॉरचा विषय निघाला. फार रस घेऊन ऐकलं त्यांनी. म्हणाले, अंकल, आप तो एक्सपर्ट हो गये.

भिंतीचं राहिलं. हांडवो खाताना कुणाच्या बाथरूमबद्दल बोलणं बरं दिसत नाही.

७ सप्टेंबर

विसर्जन झालं. ही ठाण्याला सुरुचीकडे गेली. सुरुची म्हणजे आमची मुलगी. तीच गाडी घेऊन न्यायला आली होती. माझ्याशी फार बोलली नाही. बेडरूमचं दार उघडून पाहिलं आणि म्हणाली, बाबा, खरंच? मी म्हटलं, दार लाव, गारवा जातोय.

ही चार दिवसांसाठी गेलीय. बॅग मोठी होती. बायकांना चार कपडे जास्तच लागतात.

१६ सप्टेंबर

अजून तिकडेच. सुरुचीला मदत हवी असणार.

डाळ लागली. पेटी एकोणसत्तर.

२१ सप्टेंबर, रविवार

ठाण्याला जायला निघालो. हिला घेऊनच यायचं ठरवलं होतं. घोडबंदर रोडला बस. वरसाव्याला नेहमीचा जॅम. पूल ओलांडणारे ट्रक आडवे. चेणे गावापर्यंत आलो आणि मनात आलं, एसी चालू ठेवलाय का? निघताना सवयीने मेन स्विच बंद केला असेल तर? आठवेना.

उतरलो. रिक्षाने परत. एसी चालूच होता.

हिला फोन केला, ट्रॅफिक फार आहे म्हणून. ती म्हणाली, बरं. सुरुचीने पाठीमागून काहीतरी विचारलं. ही तिला म्हणाली, येत नाहीयेत.

आवाज मोकळा वाटला. खोकली नाही एकदाही.

५ ऑक्टोबर

थकलोय. दिवसभर एसीत बसून सांधे धरलेत. स्वेटर घालून झोपतो. बाहेर लोक घाम पुसतायत. आणखी थोडेच दिवस. अनिश येईल, झाकण उघडेल, आणि मग बोलेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

अनिश आला.

दारातच विचारलं, ताई कुठेय? म्हटलं, सुरुचीकडे, तू आधी आत ये. त्याला थेट पेटीपाशी नेलं. झाकण मीच उघडलं.

त्याने काचेवर नखाने टिचकी मारली. काटा थरथरला आणि सरळ नव्वदच्या पुढे जाऊन थांबला. म्हणाला, गंजून अडकला होता हा, भावोजी. किती दिवस एकाच जागी होता?



एक सिगार उचलला. त्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, परत ठेवला. म्हटलं, प्लूम आहे. तो म्हणाला, बुरशी आहे. सगळ्यांना लागलीय. मग म्हणाला, जाऊ द्या, मी तसंही दोन वर्षांपूर्वी सोडलंय ओढणं. कॅप्टनची आठवण म्हणून ठेवले होते.

मला वाटलं, संपलं. पण मग त्याने भिंत पाहिली. छतापासून पलंगापर्यंत काळी पडलेली. बराच वेळ बघत उभा राहिला. सिगार पाहताना चेहरा असा झाला नव्हता.

ताई इथे झोपायची?

नाही, हॉलमध्ये, मी म्हटलं. जुलैपासून.

आणि तुम्ही इथे? एसीत?

पेटीसाठी, म्हटलं. बोलल्यावर मलाच ते ऐकू आलं.

त्याने चहा घेतला नाही. ठाण्याला गेला. पेटी इथेच ठेवून.

१२ ऑक्टोबर

सकाळीच वर गेलो. चहा नको म्हटलं, उभ्या उभ्याच सांगितलं, अल्पेशभाई, तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या बेडरूममध्ये येतंय. जूनपासून.

ते म्हणाले, अरे अंकल, पहले बोलना था ना! हमको क्या सपना आयेगा? लगेच प्लंबरला फोन लावला. गणपतीत इथे येऊन बसलात, तेव्हा तरी बोलायचंत, असं भाभी म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर

एक जॉइंट सुटला होता. प्लंबर आला, फरशी काढली, बसवली, जेवायच्या आधी गेला. एवढंच होतं.

सिगार कचऱ्यात टाकले. एसी बंद केला. घर एकदम शांत झालं. इतके महिने तो आवाज चालू होता, हे विसरलोच होतो.

१९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. हिला फोन केला. गळती थांबली म्हणून सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही बोललात अल्पेशभाईंशी? म्हटलं, हो. म्हणाली, काय म्हणाले? म्हटलं, आधी सांगायचं होतं, म्हणाले.

ती हसली असावी. नक्की कळलं नाही.

मग म्हणाली, इथे रात्रभर झोप लागते हो.

म्हटलं, बरं झालं.

भिंत सुकली का?

सुकलीच आहे जवळजवळ, असं तोंडावर आलं होतं. रंगारी म्हणालाय, थंडी संपेपर्यंत रंग धरणार नाही.

ओली आहे, म्हटलं.

मग सुकल्यावर सांगा, ती म्हणाली.

म्हटलं, सांगतो.