पेपरवरचं पहिलं नाव

सर,

कॉलेजच्या वेबसाइटवर माजी विभागप्रमुखांच्या संशोधनाची यादी चढवली आणि तुमच्या नावापुढे ‘निरंक’ लिहिलं, म्हणून मला हे पत्र लिहावं लागतं आहे. वाचलं त्याच दिवशी लिहिणार होते, पण नुसती तक्रार घेऊन तुमच्यासमोर उभं राहायची सवय तुम्ही आम्हाला लावली नाही. काम पूर्ण झालं, आता लिहिते. त्याच पानावर तुमच्याखाली माझं नाव आहे आणि माझी यादी लांबलचक आहे. गालाचा कॅन्सर, जिभेचा कॅन्सर, गुटख्याने तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं, मिसरी लावणाऱ्या गरोदर बायकांची कमी वजनाची बाळं. धुळ्यात बसून जे करता आलं ते केलं आणि छापून आणलं. त्या यादीचा मला अभिमान आहे, उगाच संकोच दाखवणार नाही. पण तुमच्या निरंकखाली ती वाचताना मला राग आला. कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, “मॅडम, सरांचं काही सापडलंच नाही. जागा मोकळी ठेवली तर वरून विचारतात, म्हणून निरंक टाकलं.” त्यांना काय बोलणार? छापलेलं खरोखरच काही नव्हतं.

का नव्हतं ते मला माहीत आहे. आपल्याकडे रिवाज असा की विभागातून पेपर बाहेर पडला की पहिलं नाव प्रमुखांचं, मग त्यांनी तो वाचलेला असो वा नसो. बाकीच्या विभागांत पोरं सहीसाठी दाराशी उभी असायची आणि साहेब शीर्षक न बघता सही करायचे. मी माझा पहिला पेपर टाइप करून तुमच्या टेबलावर ठेवला तेव्हा तुमचं नाव वर होतं. तुम्ही पेन उघडलं आणि ते खोडलं. “यातल्या सगळ्या स्लाइड मी पाहिल्यात?” मी म्हटलं, निम्म्या पाहिल्यात. “मग माझं नाव निम्मं लिहिणार आहेस?” शेजारच्या टेबलावरचे हसले. तुम्ही हसला नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक स्लाइड स्वतः पाहिली आणि रोग्याची हकीकत स्वतः विचारली तरच नाव, हा तुमचा नियम. बदली, बढती, निवृत्ती, सगळं त्या नियमाने पार पडलं. निरोपसमारंभात डीन म्हणाले की सर फार मोठे शिक्षक, लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

हकीकत विचारण्यावरून तुम्ही मला झापलं तो दिवस अजून तसाच डोळ्यांसमोर आहे. सर्जरीकडून गालाचा तुकडा तपासायला आला आहे, सोबतच्या कागदावर ‘तंबाखू : नाही’ लिहिलेलं आहे. त्या आठवड्यात तशीच आणखी काही बायकांची प्रकरणं आली आहेत, आणि मी तुम्हाला उत्साहाने सांगते आहे की तंबाखू न खाणाऱ्या बायकांमध्ये हा रोग दिसतो, यावर लिहिण्यासारखं आहे. तुम्ही खुर्चीवरून उठता. “खाली चल.” पॅथॉलॉजीचा माणूस ओपीडीत उतरत नाही, पण तुम्ही उतरता, आणि बाकावर त्या म्हातारीशेजारी जाऊन बसता. पाचोऱ्याकडची बाई, गालाला पदर लावलेला.

“माय, तमाखू खास का तू?”

“नही रे भाऊ. आम्हू काय गडीमाणसं शेतस का?”

“मंग दात कसाघाई घसस?”

“मिसरीघाई. बठ्ठ्या बाया घसतस.”

“आनि थुकस कव्हय?”

“झाडझूड व्हयनी का मंग.”

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, पण तिच्या लेखी ती दात घासायची पूड. अंगण झाडून होईपर्यंत ती रोज तोंडात धरलेली. म्हातारी खोटं बोलली नव्हती, तिला प्रश्नच चुकीचा विचारला होता. जिना चढताना तुम्ही म्हणालात, “मुंबईहून छापून आलेल्या प्रश्नाला खानदेशात उत्तर मिळत नसतं. शिकलीस कुठे तू, आणि राहतेस कुठे?” हे मला लागलं. कागद मी भरला नव्हता, सर, सर्जरीच्या पोराने भरला होता, आणि हे मी त्या वेळी बोलले नाही ते आज बोलते. दुपारी मात्र तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकूंनी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. मी मान खाली घालून जेवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “रागावलेत ना? मला तर मीठ कमी पडलं तरी हकीकत विचारतात.”

त्यानंतर विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईला तुम्ही हे दोन प्रश्न विचारलेत, दात कशाने आणि थुंकतेस कधी, आणि उत्तर रिपोर्टात घातलंत. मिसरी तोंडात किती वेळ धरली जाते, हे त्या काळात कोणी मोजत नव्हतं. तुम्ही मोजत होतात आणि त्यावर लिहीत नव्हतात. मला ते उशिरा उमगलं, निरंक वाचल्यावर. तुमच्या काळातले मेणाचे ठोकळे, ज्यांत तपासलेले तुकडे बसवलेले असतात, ते विभागाच्या मागच्या खोलीत शाबूत होते. त्यांच्या स्लाइड, त्यांचे रिपोर्ट, प्रत्येकावर तुमची सही. तुमच्या नियमात बसणारा पेपर तुम्ही स्वतःच करून ठेवला होता, फक्त लिहायचा राहिला होता. माझी एक विद्यार्थिनी आता जळगावला विभाग सांभाळते. तिने तेच दोन प्रश्न आजच्या बायकांना विचारले, चाळीसगावपासून रावेरपर्यंतच्या. मी जुने ठोकळे पुन्हा कापून घेतले आणि तुमचं निदान ताडून पाहिलं. तुम्ही चुकलेले मला सापडला नाहीत. मी शोधत होते, हे लक्षात घ्या. जितका वेळ मिसरी तोंडात, तितका धोका वाढतो, हे तुमच्या बायकांत दिसलं आणि आजच्याही.

आकडेमोड करायला मुंबईचे एक तरुण गृहस्थ घेतले होते. हुशार आणि नम्र. पण नावांचा क्रम ठरवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “मॅडम, सर हयात नाहीत. त्यांना आभारात घेऊ या. प्रेमाने लिहू.”

मी म्हटलं, “आभार मंडपवाल्याचे मानतात. ज्याने काम केलं त्याचं नाव वर येतं.”

“मग तुमचं नाव दुसरं जाईल. सगळं तर तुम्ही लिहिलंत.”

“जाऊ दे. माझ्याकडे पहिली पुष्कळ आहेत.”

जर्नलने हरकत घेतली नाही. दिवंगत लेखकाचं काम कोणतं ते नीट दाखवा आणि घरच्यांची संमती आणा, एवढंच त्यांचं म्हणणं. काम दाखवणं सोपं होतं. संमतीसाठी मी चोपड्याला गेले. काकू आता तिथे मुलाकडे असतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न तो विचारला, ज्याची मी प्रवासभर धास्ती घेतली होती. “त्यांना आवडेल का हे? नाव नको म्हणून आयुष्यभर अडून बसले. आणि मी त्यांच्या माघारी हो म्हणू?”

मी सांगितलं की काकू, नाव नको असं सर कधीच म्हणाले नाहीत. न पाहिलेल्या स्लाइडवर नको म्हणाले. आजच्या बायका नुसत्या पडताळ्याला आहेत; मूळ कामातली एकही स्लाइड अशी नाही जी त्यांनी पाहिली नाही, एकही बाई अशी नाही जिला त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याच मापाने मोजलं तर पहिलं नाव त्यांचं, आणि ते गाळलं तर मी आणि माझी विद्यार्थिनी, दोघी चोर. सूनबाईने चहा आणून ठेवला. काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “त्या डीनने कंटाळा म्हटलं होतं. आण कागद. तुझे सर सहीला महिना लावायचे, मी लगेच करते.”

पेपर तपासणाऱ्या तिघांपैकी एकाने लिहिलं की या अभ्यासाचा जीव त्याच्या प्रश्नांत आहे. ते वाक्य मी जळगावला फोनवर वाचून दाखवलं, तर पलीकडून नुसतं हुंदक्यासारखं काही ऐकू आलं. मी म्हटलं, रडायला काय झालं, काम झालंय. पेपर छापून आला. वर तुमचं नाव, मग माझं, मग तिचं, मग मुंबईच्या गृहस्थांचं. कार्यालयातल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी वेबसाइट दुरुस्त केली आणि फोन करून सांगितलं, “मॅडम, सरांचं चढवलं.” तुमच्या नावापुढे एकच ओळ आहे. मी सांगते सर, माझ्या अख्ख्या यादीत तिच्या तोडीची ओळ नाही. आपण जिंकलो. हा शब्द तुम्हाला आवडायचा नाही, पण दुसरा मला सापडत नाही.

आता काय कोणाकडे दिलं ते लिहून ठेवते. जुने ठोकळे आणि स्लाइड, साफ करून, नव्या पेट्यांत लावून, धुळ्याला विभागाकडे दिल्या. त्यांची डिजिटल छायाचित्रं जळगावच्या विभागाला. पेपरची रंगीत छापील प्रत चोपड्याला, काकूंच्या हातात. त्यांनी तुमच्या नावावरून बोट फिरवलं आणि प्रत देवघरात नाही, पुढच्या खोलीत ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आणखी एक छापील प्रत विभागाच्या ग्रंथालयात द्यायची होती. ती पोचलेली नाही. ती माझ्या उशाशी आहे, आणि विचारलं तर मी टपालाचं नाव सांगणार आहे.