भिडूचं ऐकायला शिकलो

ताई, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

काल तिने 'तीन बदाम' म्हटलं आणि मी 'पास' म्हणालो, तिथेच सगळं पालटलं. ती म्हणजे पत्त्यांच्या ब्रिजमधली माझी भिडू, छापखान्यात प्रुफं तपासते. एरवी मी तिच्यावर चढून बोली लावायचो आणि दोघांना बुडवायचो. "पुन्हा चढलास तर दुसरा भिडू शोधीन," तिने बजावलं होतं.

तीन बदाम म्हणजे नऊ हात करायचे. बरोबर नऊच झाले. "ऐकू येतं की तुला!" म्हणून हसली.

जेवतो वेळेवर. भांडलो एकदाच. बाबांचा खोकला कसाय? मी कॉलेज सोडल्याचं अजून बोलतात का?

आज तिला लग्नाचं विचारणार. ती काहीही म्हणो, मध्ये तोंड घालणार नाही. खाली उभी आहे. निघालो, दार ओढून घेतो.

तुझा धाकटा